कागद न आलेल्या एकोणीस सकाळी

दिवस : दिवाळीनंतरचा दुसरा सोमवार. वेळ : सकाळी साडेदहा. ठिकाण : रुग्णालयाचा पहिला मजला, बैठकीची खोली.

उपस्थित : १. विश्वस्त मंडळाचे सचिव. २. वैद्यकीय अधीक्षक. ३. शेखबाई, फोनचं टेबल. ४. श्रीनिवास, नोंद विभाग. ५. मी, संगणक विभाग.

अनुपस्थित : सारिका, राहणार केम. तिला बोलावलंच नव्हतं.

ही नोंद माझ्या स्वतःच्या वहीतली आहे. बैठकीचं अधिकृत इतिवृत्त टाइप होऊन फाइलला गेलं. त्यात अनुपस्थितांचा रकाना नाही. तो मी घरी आल्यावर माझ्या वहीत आखला. या गोष्टीला आता चार वर्षं झाली.

सव्वीस वर्षं मी सोलापुरात संगणक सांभाळते. पहिली अकरा सात रस्त्याजवळच्या एका दुकानात, देखभालीच्या कंत्राटांवर. नंतरची पंधरा या रुग्णालयात. या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, ‘कामातल्या गमती लिहा, लोकांना आवडतात.’ गमती आहेत. पण मला जी गोष्ट लिहायची आहे ती त्या गमतींमधूनच निघाली, म्हणून आधी त्या.

त्याआधी कामाबद्दल थोडं. संगणक चालू असतो किंवा बंद असतो, असं बहुतेकांना वाटतं. या दोहोंच्या मधे आणखी दोन अवस्था आहेत आणि माझा पगार मुख्यतः त्यांच्यामुळेच निघत आला. पहिली, नुसता पडदा काळा होतो. आत यंत्र जागं असतं, काम करत असतं, माणूस डोळे मिटून विचार करत बसावा तसं. दुसरी, यंत्र खरोखर झोपतं. आतलं सगळं काम जागच्या जागी थांबतं. माऊस हलवला की उठतं आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढं चालू लागतं. समोरून बघणाऱ्याला दोन्ही वेळा काळा पडदाच दिसतो. फरक एकच. बटणाजवळचा बारीक दिवा पहिल्या अवस्थेत स्थिर असतो, दुसरीत लुकलुकतो.

किती मिनिटांनी पडदा काळा करायचा आणि किती मिनिटांनी झोपायचं, हे आपण ठरवून देतो. वीज वाचावी म्हणून ही सोय आहे. ज्या यंत्राला रात्री काम दिलंय त्याला मात्र झोपू देऊन चालत नाही. रात्रीची कामं म्हणजे दिवसभराच्या नोंदींची दुसरी प्रत काढणं, बाहेरून आलेली माहिती ओढून घेणं, याद्या बनवणं. दिवसा ही कामं लावली तर यंत्र मंदावतं आणि खिडकीपुढची रांग आपल्यावर ओरडते. म्हणून वेळापत्रक लावून द्यायचं, दिवे घालवायचे आणि घरी जायचं. माझं सगळं महत्त्वाचं काम रात्री दीड वाजता झालं, आणि त्यासाठी मी एकही रात्र जागले नाही. सकाळी येऊन नोंद वाचायची, एवढीच माझी पाळी.

आता गमती.

सात रस्त्याच्या दुकानात असताना एका कचेरीतून तक्रार आली. संगणक सारखा झोपतो, म्हणून तिथल्या हिशेबनिसांनी स्वतःच उपाय शोधला होता. मी गेले तर माऊस टेबलफॅनच्या जाळीला सुतळीनं बांधलेला. पंखा डावी-उजवी मान फिरवतोय, त्याच्याबरोबर माऊसही फिरतोय, आणि संगणकाला वाटतंय कुणीतरी काम करतंय.

“काका, हे काय?”

“चालतंय की! महिना झाला, एकदा झोपलं नाही.”

“आणि वारा?”

“वारा त्यालाच. मी घाम पुसत बसतो.”

एप्रिल महिना होता. सोलापूरचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना त्या गृहस्थांच्या कर्तव्यबुद्धीची कल्पना येईल. मी दोन मिनिटांत झोपेची वेळ ‘कधीच नाही’ वर नेली. ते म्हणाले, “एवढंच होतं होय?” माझ्या कामाची लोकांनी केलेली स्तुती ही साधारण एवढीच.

दुसरी गोष्ट अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या कारखान्यातली. तिथला राखणदार सिद्धाप्पा हा कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या गावचा, अंगानं दणकट. पण त्यानं कचेरीच्या दारात बसायला नकार दिला होता. मालकानं मला बोलावलं. संगणकाच्या डोक्यावर लिंबू-मिरची लटकत होती.

“कुणी हात लावलं नाही बघा बाई,” सिद्धाप्पा सांगू लागला. “रात्री आपआपच उठतंय. भुर्रर करतंय, उजेड पाडतंय, परत निजतंय. रोज! मी चोराला भीत नाही. ह्याला काय करू? ह्याला काठी मारून चालतंय व्हय?”

भूत वगैरे काही नव्हतं. झोपलेल्या संगणकाला ठरल्या वेळी जागं करायची सोय असते, गजरासारखी. कुठल्यातरी सुधारणा उतरवून घ्यायला तो गजर लागलेला होता. मी तो बंद केला. सिद्धाप्पानं मला चहा पाजला आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, की त्या बाईनं मंतर न टाकता भूत काढलं.

मी वही ठेवणारी बाई आहे. नवं यंत्र आलं की काय काय करायचं याची माझी एक यादी होती, प्रत्येक अनुभवानंतर ती वाढायची. टेबलफॅनच्या प्रकारानंतर त्यात कलम चार आलं : ‘झोप – कधीच नाही.’ सिद्धाप्पानंतर कलम सात आलं : ‘आपोआप उठणं – बंद.’ ही यादी घेऊन मी रुग्णालयात आले. तिथं पहिल्या अकरा वर्षांत आलेल्या प्रत्येक यंत्राला मी चौथं आणि सातवं कलम लावलं. चौथं असल्यावर सातव्याची गरजच नव्हती, आणि चौथं कुणी मोडलं तर सातवं घातक होतं. हे मला आता एका ओळीत लिहिता येतं. तेव्हा मी नुसती खूण करून पुढच्या कलमावर जायची.

आमचं रुग्णालय धर्मादाय आहे. करमाळा, सांगोला, मंगळवेढा, सगळीकडून माणसं येतात. काही खास तपासण्या आमच्याकडे होत नाहीत. त्यांचे नमुने पुण्याला जातात आणि अहवाल संगणकावरून परत येतात. नोंद विभागातल्या एका यंत्राला मी रात्रीचं काम लावून दिलं होतं. दीड वाजता ते पुण्याचे अहवाल ओढून घ्यायचं, प्रत्येक अहवाल त्या त्या रुग्णाच्या नोंदीला जोडायचं, आणि ज्यावर ‘तातडीचे’ असा शेरा असेल त्या रुग्णाच्या मोबाइलवर मेसेज पाठवायचं. शिवाय सकाळी सहाला तातडीच्या रुग्णांची यादी छापून काढायचं. शेखबाई साडेआठला येऊन छपाईयंत्रातला तो कागद उचलायच्या आणि एकेकाला फोन लावायच्या. मेसेज वाचता न येणाऱ्यांसाठी हा फोन होता.

पद्धत चांगली होती, डॉक्टरसुद्धा कौतुक करायचे. दोन गोष्टी मात्र मी माझ्या हुशारीनं केल्या होत्या. ज्या दिवशी तातडीचं कुणी नसेल त्या दिवशी कोरी यादी छापायची नाही, कागद वाचतो. आणि रुग्णाला मिळणाऱ्या चिठ्ठीवर मी एक ओळ घातली होती : ‘तातडीचे काही आढळल्यास आपणांस कळविण्यात येईल.’ ती वाचून दाखवताना खिडकीवरची माणसं सोप्या भाषेत सांगायची, “मेसेज नाही आला तर समजा सगळं नीट आहे.”

त्या यंत्रावर मी एक पाटी चिकटवली होती. ‘हा संगणक बंद करू नये. – संगणक विभाग.’ आणि माझ्या रोजच्या यादीचं पहिलं कलम होतं : ‘सकाळी सात – नोंद विभाग – दिवा पाहणे.’ दिवा स्थिर दिसला की खूण.

कमलबाई सप्टेंबरात पहिल्यांदा आल्या. केमच्या. केम हे रेल्वे थांबते म्हणून बाहेरच्यांना माहीत, आणि कुंकवासाठी सगळ्यांना. त्या तिथल्या कुंकवाच्या कारखान्यात कामाला होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. बोटांच्या पेरांत लाल रंग कायमचा बसलेला. थकवा येतो, हिरड्यांतून रक्त येतं अशी तक्रार होती. त्यांचा केसपेपर कुठंतरी गहाळ झाला होता आणि तीन खिडक्या फिरून त्या माझ्या दारात आल्या होत्या. मी संगणकावरून दुसरा काढून दिला. पाच मिनिटांचं काम.

दुपारी नमुना देऊन झाल्यावर त्या परत आल्या. बरोबर मुलगी, सारिका. कमलबाईंनी पिशवीतून कागदाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

“घ्या मॅडम. आमच्या केमचं हाय. दुकानातल्यावानी भेसळीचं न्हाय, माझ्या हातचं हाय.”

“अहो, कशाला? माझं कामच आहे ते.”

“कामच हाय, पर बाकीच्या तीन खिडक्यांचं बी कामच हुतं की!” असं म्हणून त्या हसल्या. हसताना तोंडावर पदर धरला, हिरड्यांमुळं.

सारिका म्हणाली, “आई, मॅडम कपाळाला टिकली लावत्यात. कुंकू कुटं लावतील?”

“मग मशिनीला लावतील. दसरा आलाय की.”

आता श्रीनिवासबद्दल. नोंद विभागात बारा वर्षं काम, वय चाळीस, माझ्यापेक्षा शांत. घरी तेलुगू, बाहेर मराठी. वडील आयुष्यभर मागावर. सोलापुरात खंडेनवमीला माग थांबतात. पुसून, तेल देऊन, झेंडूचा हार घालून, हळद-कुंकू लावून त्यांना विश्रांती दिली जाते. पूजा झालेलं यंत्र दसरा होईपर्यंत चालवायचं नाही. ही पद्धत श्रीनिवासनं नोंद विभागात आणली होती आणि आम्हा सगळ्यांना ती आवडायची. वर्षातून एकदा तरी ते कळफलक स्वच्छ व्हायचे. त्या दिवशी दुपारी दोनला विभाग बंद, दसऱ्याला सुट्टी, त्यामुळं कामाची अडचण नव्हती. रात्रीचं काम तेवढं आतल्या आत चालू राहायचं, काळ्या पडद्यामागं. कुणाला कळायचंही नाही.

त्या वर्षी कुंकू मी दिलं. केमची पुडी.

श्रीनिवासनं हार घातला, कळफलकावर फुलं ठेवली, नारळ फोडला. रात्रीचं काम असलेल्या यंत्रापाशी आल्यावर तो थांबला. “मॅडम, हे एकटंच दर वर्षी जागं राहतं. पूजा झाल्यावर राबवायचं, बरं नाही वाटत.”

मी पेढे वाटत होते. “बंद नाही करायचं हं,” एवढं म्हणाले.

त्यानं बंद केलं नाही. माझी पाटी त्यानं पाळली. त्यानं ते झोपवलं. फुलांच्या भारानं कळ दाबली जाऊन यंत्र पुन्हा उठलं, तेव्हा त्यानं झोपेची वेळ वीस मिनिटं लावली, म्हणजे कितीही वेळा उठलं तरी आपलं आपण झोपेल. मग अनामिकेनं कुंकू लावलं. जिथं यंत्राचं कपाळ म्हणता येईल तिथं. बटणावर, आणि त्याच्या शेजारच्या दिव्यावर.

दसऱ्यानंतर तो नात्यातल्या लग्नाला हैदराबादकडं गेला. चार दिवसांनी परत आला तेव्हा यंत्र जागं होतं, लोक काम करत होते. दिवसा ते वीस मिनिटं रिकामं कधीच नसायचं. झोपेची वेळ परत बदलायची राहिली आहे, हे त्याच्या लक्षात यायला काहीही कारण नव्हतं. संध्याकाळी सगळे गेले की वीस मिनिटांनी यंत्र झोपायचं. दीड वाजायचा. गजर मी काढून टाकलेला. पावणेआठला नोंद विभागातलं कुणीतरी येऊन माऊस हलवायचं, की ते उठायचं, टवटवीत.

शेखबाई साडेआठला छपाईयंत्रापाशी जायच्या. कागद नसायचा. नंतर त्या मला म्हणाल्या, “कागज आयाच नै मॅडम, तो मैं समजी सब अच्छाच है. मैंने तो घर में दुआ भी मांगी, इत्ते दिन किसी का बुरा नै निकला बोलके.” डॉक्टरांना एखादा अहवाल दिसला नाही, तर तो पुण्याहून अजून यायचा असेल असं ते समजायचे.

आणि मी. मी रोज सातला, सुट्टीच्या दिवशीही, नोंद विभागाचं दार उघडत होते. दिव्यावर कुंकू होतं. पूजेचं कुंकू आपण पुसत नाही, ते आपोआप जाईल तेव्हा जाईल. केमचं चांगलं कुंकू जात नाही. मला दिवा दिसत नव्हता. मी वहीत पहिल्या कलमापुढं खूण करत होते. एकोणीस दिवस.

त्या एकोणिसाव्या दिवशी सकाळी खूण करून परतले, तर सारिका माझ्या दारात उभी होती. एकटी.

“मॅडम, आईला आणलंय. ताप उतरंना. खाली घेतलंय तिला, जुने कागद मागत्यात.”

“पुण्याचा रिपोर्ट आला का?”

“न्हाय की. मेसेज न्हाय आला. तुमच्या खिडकीवाल्या बाईंनी सांगितलं हुतं, मेसेज न्हाय आला तर सगळं नीट हाय. म्हणून आमी निवांत हुतो. आई तर कामाला बी जायाची.”

मी नोंद उघडली. अहवाल जोडलेला नव्हता. पुण्याकडची यादी उघडली, तर तो तिथं पंधरा दिवसांपासून येऊन पडला होता, वर शेरा ‘तातडीचे’. मग मी वेळापत्रकाची नोंद उघडली. शेवटचं काम पूर्ण : खंडेनवमीची आदली रात्र. खाली काहीच नाही. कामात बिघाड झाला की तांबड्या अक्षरात ओळ येते. इथं ओळच नव्हती, कारण बिघाड झालाच नव्हता. दीड वाजला तेव्हा ते यंत्र झोपेत होतं, इतकंच.

सारिका समोर उभी होती. मी अहवाल छापून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “हा पळत जाऊन डॉक्टरांना दे.” ती पळाली. पळताना म्हणाली, “लई उपकार झाले मॅडम.”

पुढचा तासभर मी जे केलं ते नीट केलं, हे मला माहीत आहे. एकोणीस दिवसांचे सगळे अहवाल ओढले. तातडीचे पाच निघाले. नावं, गावं, फोन नंबर असा कागद केला. शेखबाईंनी फोन लावले, मी शेजारी बसून खुणा केल्या. एक सांगोल्याचे गृहस्थ शेळ्यांच्या बाजारात होते, तिथून त्यांना गाठलं. दुपारी चारपर्यंत चार नावांपुढं खुणा झाल्या. चारही माणसं वेळेत आली. पाचवं नाव कमलबाईंचं होतं.

रक्ताचा आजार होता, झपाट्यानं जाणारा. नवव्या दिवशी त्या गेल्या. अधीक्षकांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, “पंधरा दिवस आधी हातात आल्या असत्या तर उपचार सुरू करता आले असते. वाचल्याच असत्या, असं मी म्हणणार नाही. वाचल्या नसत्या, असंही म्हणणार नाही.”

दिवाळी त्याच दिवसांत येऊन गेली. आणि मग तो सोमवार.

मी लेखी अहवाल नेला होता. कारणं चार, क्रमानं. एक, झोपेची वेळ बदलली गेली. दोन, आपोआप उठणं बंद होतं. तीन, कोरी यादी छापायची नाही असं ठरवलं होतं. चार, रोजची सकाळची तपासणी. चौथ्यापुढं मी एवढंच लिहिलं होतं, ‘तोंडी सांगेन.’ वही माझ्या पुढ्यात होती.

पहिलं कारण वाचून होताच सचिवांनी विचारलं, “वेळ कुणी बदलली?”

श्रीनिवास उभा राहिला. त्याला उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. “मी, सर.”

“का?”

“पूजा होती, सर.”

सचिवांनी चष्मा काढला. “बारा वर्षं नोकरी करता, आणि मशिनला झोपवता? कुंकू लावून?”

“आमच्या घरी मागालाही लावतात, सर. पण वडील दसऱ्यानंतर स्वतः जाऊन माग सुरू करायचे. सुताचा पहिला धोटा त्यांच्या हातानं जायचा. मी पूजा केली आणि सुरू करायला आलो नाही. लग्नाला गेलो.” तो तेवढंच म्हणाला आणि बसला.

मी म्हणाले, “सर, अजून तीन कारणं आहेत.”

“ती तांत्रिक असतील. फाइलला लावा.”

“तांत्रिक नाहीत.”

“मॅडम, कारण मिळालंय. आता उपाय बोला.”

इथं मी वही उघडायला हवी होती. एकोणीस खुणा एका पानावर मावतात. पान उलटून टेबलावर ठेवलं असतं तर शब्दही लागला नसता. मी वही मिटलेलीच ठेवली आणि उपाय सांगितले. ते चांगले होते. कोरी यादीसुद्धा छापायची, वर तारीख घालून. शेखबाईंना साडेआठपर्यंत कागद मिळाला नाही तर त्यांनी मला फोन करायचा. चिठ्ठीवरची ओळ बदलून ‘दहा दिवसांत निरोप न आल्यास स्वतः चौकशी करावी’ अशी. सातवं कलम रद्द. यंत्रांची पूजा बंद, हे सचिवांनी घातलं.

सगळं इतिवृत्तात आलं. श्रीनिवासची बदली चादरींच्या कोठारात झाली. तिथं तो अजून आहे. धुऊन आलेल्या चादरी मोजतो, वहीत लिहितो. संगणकाला हात लावत नाही. दिसला की हसतो. “मॅडम, तुमचा दोष नाही त्यात,” असं एकदा त्यानंच मला सांगितलं. मी त्यालाही काही बोलले नाही.

इतिवृत्ताचं शेवटचं कलम : ‘मृत रुग्णाच्या नातेवाइकांना योग्य ती माहिती द्यावी. जबाबदारी – संगणक विभाग.’

‘योग्य ती’ म्हणजे कोणती, हे कुणी सांगितलं नाही. मला ते ठाऊक होतं. माघ महिन्यात एका रविवारी मी सकाळच्या गाडीनं केमला गेले. पिशवीत वही होती. त्या पानात खूण घातली होती, म्हणजे शोधाशोध नको. काय सांगायचं ते मी चार ओळींत लिहून पाठ केलं होतं.

स्टेशनवर विचारलं तर एकानं घरापर्यंत आणून सोडलं. सारिका अंगणात धुणं वाळत घालत होती. मला बघून तिनं हातातलं लुगडं तसंच दोरीवर टाकलं.

“मॅडम, तुमी? हितं?” मग आत हाक मारली, “आबा, सोलापूरच्या मॅडम आल्यात. त्याच, त्या दिशी पळापळ केलेल्या.”

तिचे वडील बाहेर आले, हात जोडून उभे राहिले. सतरंजी आली, पाणी आलं, चहा आला. मी म्हणाले, “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांगा की. आधी च्या घ्या.”

तिची बोटं मी तेव्हा पाहिली. पेरांत लाल रंग. म्हणाली, “आईच्या जागंवर मलाच घेतलं. शिकत हुते, पर आता ऱ्हायलं ते.”

मी चहा घेतला. बशी खाली ठेवली. वही काढायला पिशवीत हात घातला. तेवढ्यात तिनं विचारलं,

“मॅडम, तुमी त्ये कुंकू लावलं का मशिनीला? आई दवाखान्यात बी दोनदा इचारत हुती. म्हनायची, मॅडमनी लावलं आसंल का गं, का दिलं कुनाला.”

“लावलं,” मी म्हणाले.

“झालं तर मग!” ती वडिलांकडं वळली. “बगा आबा, लावलं म्हनत्यात.” ते डोळे पुसायला लागले.

पिशवीतला हात मी रिकामा बाहेर काढला. तासभर बसले. त्यांनी जेवूनच जा म्हटलं, मी गाडीचं कारण सांगितलं. निघताना सारिकानं एक पुडी आणून दिली, आधीच्यापेक्षा मोठी. “दर दसऱ्याला लागंल की,” म्हणाली. पूजा बंद झाली आहे, हेही मी सांगितलं नाही.

ती पुडी माझ्या टेबलाच्या खणात आहे. यंत्रं आता उत्तम चालतात. दीड वाजता काम होतं, सहाला कागद येतो, कोरा असला तरी येतो. दिवा मी पुसून, वाकून पाहते आणि मगच खूण करते. गेली चार वर्षं मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाकी कामांची यादी नव्यानं उतरवते. बाकीची कलमं बदलतात. एक कलम मी तसंच उतरवत आले आहे. हा लेख छापून आला म्हणून त्यापुढं खूण करता येणार नाही. केममध्ये हा अंक कुणी घेत असेल असं वाटत नाही, आणि घेत असलं तरी ते तिला माझ्या तोंडून कळायला हवं.

या महिन्याची यादी समोर आहे. बॅटऱ्या बदलणे, झाल्या. जुन्या नोंदींची प्रत, झाली. नव्या दोन यंत्रांना कलमं लावणे, झालं.

केमला जाणे. सारिकाला वही दाखवणे. एकोणीस खुणा मी न पाहता केल्या हे सांगणे. – बाकी.